सतरावी बॅच

आज सिलिका पुन्हा थोडी कमी केली.
जास्त झाली की काच हट्टी होते,
हाडाशेजारी नुसती बसून राहते
चुकून दुसऱ्याच्याच लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखी.

बोरॉन वाढवला तर उलटं.
सोळावी बॅच चार दिवसांत पाणी झाली,
हाडाला अजून पत्ताही नव्हता.

या वेळी कॅल्शियम जरा काढून
त्या जागी स्ट्रॉन्शियम.
तेराशे पन्नासला मूस बाहेर काढली, पाण्यात ओतली.
तो तडतडाट अब्बांना फोनवर ऐकवला.

अब्बा ओगलेवाडीला कंदिलाच्या काचा फुंकायचे.
बुडबुडा दिसला की फोडून
परत भट्टीत.
म्हणाले, "किती वर्षं टिकंल तुझी?"
"टिकायचीच नाही, अब्बा. विरघळायची.
जाता जाता जागा हाडाला द्यायची."

मग बराच वेळ
कऱ्हाड स्टेशनातल्या मालगाडीचाच आवाज.
"आन् मग गॅरंटी कशाची देणार?"

रक्ताइतक्या खारट, रक्ताइतक्या कोमट पाण्यात
कण ठेवलेत.
आठव्या दिवशी कडेला पांढुरकी साय,
चिमट्यानं खरवडली, निघेना.
अजून उंदीर, ससे, समितीच्या सह्या.
मिरजेच्या डॉक्टरांपर्यंत जायला वर्षं लागतील.
वहीत एवढंच लिहिलं: सतरा. धरतेय.

अब्बांचं उजवं मनगट
कधीचं मोडून वाकडंच सांधलंय.
तिथं आता काही घालता येणार नाही,
मी सांगून टाकलंय.
ते म्हणतात, राहू दे,
ह्याच कोनात फुंकणी बरोबर फिरायची.