बाजू

दर बुधवारी संध्याकाळी साडेसहाला
मिरजेत, मिशनच्या आवारातल्या जुन्या क्वार्टरमध्ये
आम्ही सातआठ जण शास्त्र उघडून बसतो.
पंखा मनाला येईल तेव्हा फिरतो.
त्या दिवशी विषय निघाला, विश्वास की कृत्यं,
आणि शांतवन मास्तरांनी पौलाची बाजू घेतली,
शाळेत वक्तृत्व स्पर्धा भरवायचे त्या थाटात.

अब्राहामानं कमावलं काय होतं, म्हणाले,
रात्री तंबूबाहेर आला, चांदण्या मोजायला गेला,
मोजता आल्या नाहीत, आणि मानलं.
तेवढंच देवानं जमेला धरलं.

मी याकोबाच्या बाजूनं.
एकतीस वर्षं कंपाउंडर होतो,
चिठ्ठी उशाखाली ठेवून ताप उतरत नाही
एवढं मला कळतं.
म्हणालो, मास्तर, त्याच अब्राहामाला विचारा
पहाटे उठून लाकडं कुणी फोडली,
गाढवावर खोगीर कुणी घातलं.
कुडकुडणाऱ्याला दारातूनच ऊब चिंतायची
आणि कडी लावून घ्यायची,
असला विश्वास भुतांपाशीही असतो,
ती निदान कापतात तरी.

मास्तर म्हणाले, मग तारण काय हप्त्यानं फेडायचं?
सगळे हसले. मीसुद्धा.
केरनबाई उठल्या. आठची ड्यूटी, एवढंच बोलल्या.
पुस्तक विसरल्या.

रात्री दहाच्या सुमारास मी ते पोचवायला निघालो.
उघडून बघायला नको होतं.
आत खुणेला तासगावच्या एस.टी.चं जुनं तिकीट,
ईयोबाच्या शेवटच्या पानावर,
जिथं त्याला सगळं दुप्पट परत मिळतं,
उंट, बैल, गाढवी,
आणि मुली मात्र तीनच, पूर्वी होत्या तेवढ्या.
तिसरीचं नाव यांचंच.
समासात शिसपेनीनं, अगदी बारीक:
आणि आधीच्या?

पुरुष वॉर्डात, कोपऱ्यातल्या खाटेवर
जतकडचा कुणी म्हातारा, अर्धांग झालेला,
चादर भिजलेली.
केरनबाईंनी पुस्तक घेतलं नाही, हात ओले होते.
तिथं खिडकीत ठेवा, म्हणाल्या.
मग माझ्याकडे न बघता,
योआना गेल्यापासून, कंपाउंडर,
मी डोळे मिटते ते सगळे मिटतात म्हणून.
एकोणीस वर्षं झाली. आत कुणी बोलत नाही.
मास्तरांना विचारा, मी तुमच्यातल्या कुठल्या बाजूला.

मला याकोब आठवला नाही.
पौलही नाही.

त्या म्हणाल्या, आलाच आहात तर
यांची ही बाजू धरा.

धरली.
पाठ हलकी होती, वाळक्या भोपळ्यासारखी,
आत कुठंतरी घरघर.
त्यांनी चादर ओढून काढली, पुसलं, पावडर लावली,
मांडीच्या घडीतही, जिथं राउंडला कुणी बघत नाही,
आणि पुसता पुसता बारीक आवाजात
काहीतरी गुणगुणत होत्या.
रविवारी उपासना सुटताना म्हणतात ते.
मी सांगितलं नाही.
त्यांना स्वतःला ते ऐकू येत नसावं.

परतताना सतारींच्या गल्लीत एकच दुकान उघडं.
युनूसभाई तरफा जुळवत बसले होते.
वरची तार छेडली की खालची, हात न लावता, बोलते.
किंवा बोलत नाही. मग ते खुंटी जराशी पिळतात,
पुन्हा छेडतात, पुन्हा कान लावतात.
मी पायरीवर टेकलो.
म्हटलं, खालचीला कळतं का हो, वरची कुणी छेडली?

त्यांनी मान वर केली नाही.
म्हणाले, कंपाउंडरसाब,
हातांना कसला वास येतोय तुमच्या?