रिकामी बोट

दाभोळच्या धक्क्यावर मी फेरीबोटीवर गाड्या चढवतो.
"घ्या, अजून घ्या, थोडी डावी मारा, बस्स."
चौदा वर्षं हेच.
हातवाऱ्यांवर पोट.

फोन आला तेव्हा पुण्याची एक इनोव्हा
अर्धी रॅम्पवर, अर्धी जमिनीवर.
बाई गोड बोलत होती:
पालशेतकर सर, तुमच्या जुन्या कार्डाचं जे काय असेल
ते आम्ही आमच्याकडे घेतो,
सहा महिने शून्य टक्के.
मी इनोव्हाला म्हटलं, येऊ द्या.
बाईला वाटलं, तिलाच म्हटलं.

चौऱ्याऐंशी हजार सहाशे.
बरेचसे फ्रीजरचे. नलूने उकडीचे मोदक गोठवून
चिपळूणच्या दुकानांत द्यायचं काढलं होतं,
आणि वाईट नव्हतं ते,
तिच्या पाकळ्या बघाव्यात, एकवीस.
मग चार दिवस वीज गेली.
सहाशे मोदक खाडीत सोडले आम्ही,
रात्री, कुणी बघू नये म्हणून.
सकाळच्या भरतीने निम्मे दारात आणून टाकले.

जुनं कार्ड महिन्याला साडेतीन टक्के खायचं.
दोन हजार नऊशे एकसष्ट.
मी किमान रक्कम भरायचो
आणि आकडा तसाच,
खडकाला धरून बसलेल्या कालवासारखा.

बदलीची फी सोळाशे ब्याण्णव.
हसनमियाँ, आमचे तांडेल, सुकाणूवरून म्हणाले,
"म्हणजे इकडची गाडी तिकडे न्यायचं तिकीट.
गाडी काय हलकी होत नाय हां त्यानं."
मी हसलो. एवढं मला कळत होतं.

कळलं नाही ते रोज डोळ्यांसमोर होतं:
धोपाव्याला गाड्या उतरतात,
बोट वीतभर वर येते पाण्यातून, सुस्कारा टाकल्यासारखी,
आणि तशी मोकळी ती कधीच परतत नाही.
तिकडे रांग लागलेलीच असते.

जुनं कार्ड असंच मोकळं झालं.
त्यावरचं शून्य इतकं घासूनपुसून लख्ख
की आधी धाकटीचा चष्मा,
मग इन्व्हर्टर, वीज जाते ना,
मग मेव्हण्याच्या साखरपुड्याला अंगठी,
मग आठवत नाही.
नव्या कार्डावरचं निम्मं फिटलं होतं, खोटं का बोला.
पण सहा महिने सरले
तेव्हा दोन्ही काठांवर गाड्या उभ्या,
भोंगे वाजवत,
आणि मध्ये मी, हात वर करून.

एक लाख आठ हजार.

तिसऱ्या बँकेचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो.
तोच गोडवा, तेच शून्य.
नलूने पिठाच्या हातांनीच फोन घेतला.
"सहा महिन्यांत नाही फिटलं तर काय लावता?
... अस्सं.
आणि फी? ... अस्सं.
बारा महिन्यांचं नाही का काही?"
बारा महिन्यांना मॅडम महिन्याला एक टक्का पडेल.
"तेच द्या. एक तर एक. मला तुमचं शून्य नको."

कॅलेंडरच्या मागे तिने लिहिलं:
नऊ हजार, वर व्याज.
फ्रीजर चालू ठेवायचा, तो कमावतो.
अंगठीबद्दल ती काही बोलली नाही.
माझ्या रविवारच्या पाळ्या तेवढ्या
माझ्या बाजूला मांडल्या.

जुनी दोन्ही कार्डं बंद करायला
अकरा फोन आणि गुहागरच्या दोन खेपा लागल्या.
उघडताना एक इनोव्हा पुरली होती.

आता सात हप्ते राहिलेत.
रात्री शेवटची फेरी संपवून घरी येतो
तर नलू परात घेऊन बसलेली असते,
चिपचा तुकडा अडकित्त्याने कातरलेलं ते कार्ड
बोटांत तिरकं धरून
कडेची उकड खरवडत.
"चमच्यापेक्षा बरं निघतं," म्हणते,
"बघा, कण राहत नाही."