ओळंबा, अंक सातवा

बॉयलरच्या खोलीला लागून आमचं कार्यालय:
एक टेबल, दीड खुर्ची,
आणि हातानं फिरवायचं सायक्लोस्टाइल यंत्र.
थंडीत कुरकुरायचं,
शाई चढली की नुसतं पुटपुटायचं.

'ओळंबा' हे नाव रुडी स्टिमॅकचं.
त्याचा बाप तांब्याच्या खाणीत, बाराशे फूट खाली,
दोरीला शिसं बांधून खांब सरळ आहेत का पाहायचा.

स्थापत्यच्या वर्गात एकशे बारा मुलगे आणि मी.
म्हणून टंकलेखन माझ्याकडे आलं.
फीत काढून ठेवायची, मेणकागद चढवायचा,
अक्षर नुसत्या धातूनं कोरायचं.
'ओ' जोरात आपटला की त्याचं पोट गळून पडे,
छापताना तिथं काळा टिपका.
प्राध्यापक पास्को विचारत,
"या महिन्यात पुन्हा कांजिण्या?"

सहावं पान माझं.
'महिन्याचं कोडं. घालणार: एल. युंटिला.'
उत्तरं यायची 'प्रिय मिस्टर युंटिला' अशी.
मी कधी दुरुस्त केलं नाही.
मिस्टरांनी गुण कापले की मुलगे निमूट सोसत.

फेब्रुवारी एक्कावन्न.
सुपीरियर सरोवरावरून आलेल्या बर्फानं
तळघराची खिडकी बुजलेली.
शेवटच्या पानावर माजी विद्यार्थ्यांची खुशाली:
अमका डुलुथला बोहल्यावर चढला,
तमका धरणावर रुजू झाला,
आणि क्लेम ट्रेझोना, एकोणपन्नासच्या तुकडीतला,
कोरियात एका नदीवर तरता पूल बांधतो आहे.
स्टेन्सिल तयार. सकाळी छपाई.

रात्री रुडी आला.
बुटांवरचं बर्फही झाडलं नाही त्यानं.
म्हणाला, "शेवटचं पान काढ."

मेणकागदावर खोडता येत नाही,
बुजवावं लागतं.
नखांच्या रंगासारखं गुलाबी औषध, बारका कुंचला,
फुंकर घालायची, वाळू द्यायचं,
मग त्याच जागी दुसरं काही बसवायचं.
नव्यानं कोरायला कोरा मेणकागद उरला नव्हता.

'बांधतो आहे'वर 'बांधत होता'.
अक्षरं मोजली. सारखीच भरली.

तीनशे प्रती. रुडी दांडा फिरवतोय, मी कागद उचलतेय.
पहिल्या शंभर ठीक निघाल्या.
मग शाईनं तो गुलाबी पापुद्रा सुटायला लागला
आणि खालचं 'आहे' वर यायला लागलं,
आधी पुसट,
मग 'होता'च्या बरोबरीनं.
रुडीनं यंत्र थांबवलं नाही.
मीही थांब म्हणाले नाही.

तीन आठवड्यांनी लष्करी टपालाचं पाकीट.
शिक्का जानेवारीचा.
'प्रिय मिस्टर युंटिला,
चौदाव्या कोड्याचं उत्तर सोबत.
इथं तक्ते नाहीत, लॉगरिदम आठवून घातले आहेत.
हात गारठलेत, अक्षराला हसू नका.'

तिसऱ्या ओळीत ऋण चिन्ह सुटलेलं.
सहाव्या ओळीत दुसरी चूक,
तिनं पहिली भरून काढलेली.
उत्तर बरोबर.
लाल पेन्सिल केव्हा हातात आली, कळलं नाही.
दहापैकी सात.
नंतर बत्तीस वर्षं मी पूल तपासले,
सरकारी शिक्क्यानं दोन बंदही केले,
पण त्या सातांवर सही करायला
हात अजून थोडा अडतो.

बक्षीस असायचं डझनभर पेन्सिली.
त्या घेऊन मी त्याच्या आईकडे गेले.
उंबऱ्यात तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं,
"मिस्टर युंटिला म्हातारे असतील असं वाटलं होतं."
आणि आत घेतलं. गरम पेस्टी पुढ्यात ठेवली,
कडेला पिठाचं 'सी' अक्षर,
त्याच्या नावाचं, हाताच्या सवयीनं पडलेलं.

"गुण किती दिलेस?"
सांगितले.
"साताच्या वर त्याला कधीच मिळाले नाहीत,"
असं म्हणत
तिनं पेन्सिली मोजायला घेतल्या.