टँकर क्रमांक तीनचा खुलासा

साहेब, नोटिशीत विचारलंय,
मे महिन्यात टँकर क्रमांक तीनच्या खेपा
एकशे दहावरून चौदावर का आल्या.
डिझेल कुठे गेलं, असंही विचारलंय.
डिझेल टाकीतच आहे. मोजून घ्या.

मी भिकन ठेलारी, शहादा नगरपालिका,
टँकरवर नऊ वर्षं.
प्रकाशा रस्त्याच्या दुभाजकावर
ट्रकनं आणलेले एकशे चाळीस पाम,
एकेकाच्या कमरेला गोणपाट,
पंचेचाळीसच्या उन्हात
कोट घालून लग्नाला आलेल्या पाहुण्यांसारखे उभे.
मी पाइप धरायचो.
पाणी बुडाशी मुरेस्तोवर
वरचं पान कागदासारखं वाजायचं.
मेलेल्यांच्या जागी नवे यायचे,
नव्या बिलासकट.
पहिल्या ट्रकातले सात उरले शेवटी.
त्या सातांना मी नावं ठेवली होती.
हे लिहायची गरज नव्हती, पण लिहिलं.

मग वळवी मॅडम आल्या.
त्यांनी नवे पाम मागवलेच नाहीत.
गोमाईकाठची जागा मागितली,
जिथे गाव आपल्या पडक्या भिंती आणून टाकतं,
आणि धडगावकडून रेहमल पावऱ्याला बोलावलं.
तो युरियाच्या गोणीत झाडं घेऊन आला.
अंजनाच्या शेंगा, चपट्या, वाळक्या,
टोकाला एकच बी, फुंकरीनं उडणाऱ्या.
हिंगणबेट. हिवर. मेढशिंगी.
शेळ्यांनी रात्री रवंथ करून थुंकलेल्या
बोराच्या आठोळ्या.
मी म्हटलं, रोपं कुठंयत?
तो म्हणाला, हीच.

दिवाळीला अंजन वीतभर.
जोडीजोडीनं पानं, वासराच्या खुरासारखी.
फाल्गुनात तीही गळाली, काडी उरली.
पुढच्या दिवाळीला पुन्हा वीतभर.
वॉर्डाचे भाऊ गाडीतून उतरले,
"हाई काय लायं रे भो? काहीच दखास नही."
मीही हसलो. खरं सांगतो, हसलो.
आणि त्याच रात्री चोरून
अर्धा टँकर सोडला त्या काड्यांवर.
हाताला सवय असते साहेब.
मॅडमना ओल दिसली सकाळी.
रागावल्या नाहीत. म्हणाल्या,
भिकनदादा, पाणी वरच मिळालं
तर ते खाली कशाला जाईल?

मला तेव्हा कळलं नाही.

या चैत्रात केबलवाल्यांचा जेसीबी आला.
चर काढत काढत एका काडीला घासून गेला,
आणि चराच्या भिंतीत मूळ दिसलं,
सुतळीएवढं, सरळ.
मी आत उतरलो.
गुडघ्यापाशी मूळ.
कमरेपाशी, छातीपाशी मूळ.
वर पाहिलं तर माझ्या टोपीच्याही वर
ती वीतभर काडी, वाळलेली,
जिला आम्ही हसलो होतो.
चराचा तळ आला, मूळ संपलं नव्हतं.
काळी माती सोडून पिवळ्या मुरमात शिरलेलं.
तिथं बोट लावलं.
गार लागलं.
नऊ वर्षं मी झाडांकडे पाणी नेलं.
झाड स्वतः चालत जातं
हे कुणी सांगितलंच नव्हतं.

केबलवाल्याला म्हटलं, चर दोन हात सरकव.
त्यानं आईवरून शिवी दिली, पण सरकवला.
त्याची तक्रारही आपल्याकडे आली असेल.
ती खरी आहे.

दुभाजकावर आता तरवड आहे.
भर उन्हात पिवळा होतो,
माझ्याकडे काही मागत नाही.
मग या चौदा खेपा कुणाच्या,
असं विचाराल.
त्या सात पामांच्या.
त्यांना कुठं कुणी विचारून आणलं होतं.

तरी टँकर दुसऱ्या वॉर्डाला द्यावा.
रेहमल म्हणतो, अंजनाच्या शेंगा आता पडतील,
वावटळीच्या आधी पोचलं पाहिजे.
सोमवार-मंगळवारची रजा हवी.
अर्ज सोबत जोडला आहे.
एक रिकामी गोणीही लागेल,
ती स्टोअरमधून मिळावी.