भिरंडीचं आगळ

आमच्या पहिल्या सिनेमात अकरा माणसं मेली
आणि आईचं वर्षभराचं आगळ संपलं.
रक्त म्हणून ते झकास दिसायचं,
फक्त डोळ्यांत गेलं
की मेलेली माणसं शिव्या देत उठून बसायची.
तो शॉट आम्ही तसाच ठेवला.
दुसरा घ्यायला आगळ कुठे होतं?

कुडचड्याच्या बाहेर,
खाण बंद पडल्यापासून जागचे न हललेले ट्रक:
हा आमचा स्टुडिओ.
टपावर पातेरा, स्टिअरिंगवर कुंभारमाशीचं घर.
दत्तेश म्हणायचा, सेट लावायला लोक कोट्यवधी घालवतात,
आपल्याला सरकारने फुकट लावून दिलाय.

कॅमेरा लग्नाच्या शूटिंगवाल्या गुरुदासचा,
शनिवारी रात्री आणायचा, रविवारी मुहूर्ताच्या आधी परत.
एकदा कार्ड बदलायचं राहिलं.
सावर्ड्याच्या एका घरात
सगळे सोफ्यावर बसून लग्न बघत होते,
आणि अंतरपाट दूर झाला तेव्हा
पलीकडे नवरी नव्हती,
आमचा मेलेला ड्रायव्हर होता, तोंडातून आगळ गळणारा.
आमचा तेवढाच एक सिनेमा
पाहुण्यारावळ्यांनी भरलेल्या घरात लागला.

श्रेयनामावलीत आम्ही पंधरा जण असायचो.
संकलन अमुक, वेशभूषा तमुक,
सगळी खोटी नावं, खाली वाकून पाहिलं तर
दोघांचेच चार पाय.
माझं खरं नाव एकाच ठिकाणी:
आवाज, शांभवी.

मी कोळिष्टकं काढायच्या काठीला माइक बांधून फिरायचे,
वारा लागू नये म्हणून त्याला दत्तेशचा मोजा.
पोदेराचा भोंपू, रात्रीची मालगाडी,
बार्ज सुटताना दोरखंडाची कुरकुर.
माणूस मरतो त्याचा आवाज
मी ओल्या सुंभात भोपळा आपटून केला होता.
दत्तेश म्हणाला, बरा आहे,
पण चित्र असल्यावर ऐकतं कोण.

मिंगेलच्या बारमागच्या गॅरेजात
बेडशीट ताणून पहिला खेळ.
एकवीस माणसं, त्यातली सहा पिऊन आलेली.
तेराव्या मिनिटाला प्रोजेक्टरचा बल्ब गेला.
फट्.
दत्तेश वायरी हुडकत राहिला अंधारात,
रडकुंडीला आलेला,
आणि स्पीकर चालूच होता.

कुणी उठलं नाही.
ट्रकचं दार करकरलं,
चिऱ्यांच्या ढिगावरून कुणाची तरी पावलं उतरत आली,
भोपळा आपटला,
आणि मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, अगे बाये.
शेवटपर्यंत बेडशीटवर काहीच नव्हतं.
बेडशीटकडे बघत बसले सगळे.

घरी जाताना स्कूटरवर तो गप्प.
तिळामळ मागे गेल्यावर म्हणाला,
पुढचा तू कर.
मी ऐकू आलं नाही असं दाखवलं.

पुढचा झालाच नाही. तो बोटीवर गेला,
आता कुठल्याशा क्रूझवर पाहुण्यांचे टॉवेल मोजतो,
आणि रात्रपाळी संपली की
केबिनच्या वर्तुळाएवढ्या खिडकीतून
चाळीस सेकंद समुद्र पाठवतो, मुका करून.
खाली लिहितो: आवाज तू घाल.

खरा समुद्र त्याच्या कानाशी आहे,
तरी तो माझ्याकडे मागतो.
मी स्वयंपाकघरात बसते,
माइकला तोच मोजा, आता टाचेला भोक पडलेला,
आणि काचेची बरणी हळूहळू हलवते.
लाट येते, फुटते, मागे जाते.
लाल आहे हा समुद्र,
पण ते ऐकू येत नाही.

आई म्हणते, झाकण घट्ट लाव.
या वर्षी भिरंडं कमीच आलीत.