पाव फेरा

देइदोत, नदीकडच्या उतारावर,
टायरवाल्याच्या मागच्या खोलीत
म्हातारा एक्वाला बेस गिटारी नीट करायचा
आणि मी टॉर्च धरायचो.

त्या गुरुवारी सोलांज न्गो बिकोई आली,
बंदरावरच्या कचेरीतून थेट,
छातीवर ओळखपत्र तसंच, पाठीवर भावाचा बेस,
मनगटाला बँडेज.
"शनिवारी हॉटेलात वाजवते," म्हणाली,
"तिसऱ्या गाण्यानंतर करंगळी माझी राहत नाही."

एक्वालाने बेसकडे पाहिलंच नाही.
आधी तिला स्टुलावर बसवलं, मग उभं केलं,
पट्टा गळ्यात घालायला लावला.
बेस पार मांडीपर्यंत लोंबला.
"भाऊ किती उंच?"
तिने दाराच्या चौकटीकडे बोट केलं.
पट्टा चार भोकं वर.
"बसून जिथे येतो, तिथेच उभ्यानेही यायला हवा.
बस. ऊठ. बस."
शाळेनंतर पहिल्यांदाच ऊठबशा, म्हणत ती हसली.

मग बेस टेबलावर आडवा, मानेखाली दुमडलेला टॉवेल.
एक बोट पहिल्या पडद्यावर, एक शेवटच्या,
आणि मधे, सातव्यापाशी, तारेखाली त्याने डोकावून पाहिलं.
"इथून उंदीर जाईल."

दुआलाची हवा अशी की लाकूड पाणी पितं.
त्यात चार तारांचा ओढा, रात्रंदिवस.
मान रोज केसभर वाकते
आणि वाजवणाऱ्याला वाटतं, आपलाच हात गेला.

मानेच्या पोटात सळई असते हे मला तोवर माहीत नव्हतं.
त्याने षट्कोनी चावी घातली.
पाव फेरा.
आणि शेंगदाणे सोलत बसला.
लाकडाला कळायला वेळ लागतो, म्हणाला;
घाईत सळई तुटली तर मी काय तोंड दाखवू.
आणखी पाव.
आणखी मूठभर शेंगदाणे.

घोडीचे स्क्रू गंजलेले, कुणाच्या तरी जुन्या घामाने.
रॉकेलचा थेंब सोडला, चावी लावली,
तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा.
तो आला तर त्याला ही उंची लागेल."

मार्सेयला गेलाय, सहा वर्षं झाली.
आधी दर रविवारी फोन करायचा.
मग सणाला.
मग मीच करते.

एक्वालाने वाद घातला नाही.
सिगरेटच्या पाकिटाचा पुठ्ठा फाडला,
बाराव्या पडद्यावरची मापं पेन्सिलीने उतरवली:
चार, चार, पावणेचार, साडेतीन.
पट्टा, शेवटचं भोक.
नॉबांखालचं झाकण उघडून
पुठ्ठा वायरींच्या कुशीत सरकवला, स्क्रू आवळले.
"आला तर अर्ध्या तासाचं काम."

मग तारा उतरल्या.
जाड तार अडीचवर, बारीक दोनला जरा कमी.
तिसऱ्या पडद्यावर खरखर आली, तशी एक जरा उचलली.
बाराव्यावर नुसतं बोट टेकवून एक सूर,
तिथेच दाबून दुसरा:
दाबलेला चढा.
घोडी मागे, अजून मागे,
आणि लाइट गेली.

टायरवाल्याचा कॉम्प्रेसर हुंकारून गप्प.
म्हाताऱ्याने बेसचं शिंग दातांत धरलं,
डोळे मिटून तार छेडली,
रुमालाने शिंग पुसून म्हणाला, "आता तू."
तिने हनुवटी लाकडावर टेकवली
आणि वाजवू लागली.

खोलीत नुसती बोटांची टपटप.
बाकी सगळं तिच्या जबड्यात चाललेलं.
मी टॉर्च तिच्या हातावर धरला होता,
करंगळी पडद्यांवर पोचत होती
आणि परत येत होती.

आता टॉर्च मी कपाळाला बांधतो.
पावसाळा सरला की ती बेस घेऊन येते.
मी आधी झाकण उघडतो.
पुठ्ठ्याला मऊपणा आलाय, पेन्सिल पुसट होते.
चार, चार, पावणेचार, साडेतीन.
ती काही बोलत नाही, मी आकडे गिरवतो,
परत ठेवतो.

मग मान बघतो.
बहुतेक वेळा पाव फेरा पुरतो.
कधी तोही लागत नाही.