डावा पाय मोजायचा

पहाटे पावणेपाचला फाइव्ह गार्डन्सच्या दुसऱ्या बाकावर
रेजिनाबाई तुस्कानो डोळे मिटून बसतात.
मांडीवर थर्मास, गळ्यात स्टॉपवॉच, पायांत लोकरी मोजे.
मी समोरून धावत गेलो की म्हणतात,
"पेंढुरकर, ऐकू येतोस."

पहिल्यांदा मला ते कौतुक वाटलं.

"डावा पाय मोज. फक्त डावा. एक मिनिट."
मोजला. अठ्ठ्याहत्तर.
"दोन्ही मिळून एकशेछप्पन्न. मग बाकीचं अंतर
आणतोस कुठून? ढांगेतून.
टाच अंगाच्या पुढे टाकतोस. तिथे रस्ता तुला मागे ढकलतो,
मग तू रस्त्याला. दर पावलाला भांडण.
नडगी दुखणार नाही तर काय?"

नडगी दुखतच होती, दिवाळीपासून,
हाडाच्या आतल्या कडेला, बोटभर जागेत,
कुणी मेणबत्ती धरून उभं असल्यासारखी.

ढांग माझी नव्हेच, वडलांची.
टपाल खात्यात होते ते, लालबाग ते शिवडी बीट,
चाळींचे जिने दोन-दोन पायऱ्यांनी.
मी मागे पडलो की न वळता म्हणायचे,
"मुंग्या काय मारतोस? पाऊल टाक."
टाकलं. चाळीस वर्षं टाकत आलो.
त्यांचे पाय लांब होते, माझे आईवर गेलेत,
हे आमच्या घरात कधी निघालंच नाही.

नळाखाली बूट भिजवून फूटपाथवर धावलो,
ओले ठसे वाळायच्या आत
नलूच्या शिलाईच्या टेपने मोजले:
एक मीटर सात.
बाई म्हणाल्या, "चार बोटं काप. वेग तोच ठेव."
वेग म्हणजे गुणाकार, एक आकडा घटला तर दुसरा वाढायला हवा.
मी बँकेत कर्ज विभागात आहे,
अंथरूण पाहून पाय पसरावे
हे रोज काचेपलीकडे सांगतो. घरी येतो, बूट बांधतो,
आणि पसरतो.

खिशातला मोबाइल टिकटिकत ठेवला.
पारशी कॉलनीतल्या वॉचमनने दोनदा विचारलं,
घड्याळ बिघडलंय का साहेब.
आखूड पावलांनी धावणं म्हणजे
कुणाच्या तरी झोपलेल्या घरातून बाहेर पडणं.
लाज वाटली. दम जास्त लागला, पहिले तीन आठवडे,
आणि पोटऱ्यांनी बोलणं सोडलं.

मग एका रविवारी पेडर रोडचा चढ.
सगळे वाकून ढांगा वाढवत होते,
मी आणखी कापली. मोजणी तीच, पंच्याऐंशी.
पुढे एक काटकुळा पोरगा, सहा फुटी,
त्याचा डावा पाय मोजला: सत्त्याहत्तर!
नडगी शाबूत, चेहऱ्यावर घाम नाही,
बघता बघता वळणाआड गेला.

हे बाईंना सांगितलं. त्यांनी थर्मासचं झाकण फिरवलं.
"माझे दोनशे होते. रेल्वेच्या टीममध्ये
पोरी मला शिवणयंत्र म्हणायच्या.
ज्याचे त्याचे पाय. तू तुझे शोध,
वडलांचे परत करून टाक."

कसे परत करतात ते काही बोलल्या नाहीत.

फेब्रुवारीत पुन्हा टेप काढली. अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर.
नलू म्हणाली, ब्लाउजला पुरतं एवढं कापड वाचलं का.
मेणबत्ती कधी विझली
ते माझ्या लक्षात आलं नाही, हे मात्र खरं.

काल धुकं होतं, दिव्यांभोवती पिवळं.
बाई बाकावर, डोळे मिटलेले.
मी समोरून गेलो. काही बोलल्या नाहीत.
बागेला वळसा घालून पुन्हा गेलो. नाही.
तिसऱ्या फेरीला मी पुढे निघून गेल्यावर
रिकाम्या रस्त्याला विचारताना ऐकलं,
"पेंढुरकर अजून आला नाही वाटतं?"

मी चौथ्या बाकापाशी होतो.
ओ दिली नाही.
त्र्याऐंशी चालू होतं.